वृद्ध दात्याचे यकृत : धोका वयाचा किती आणि इतर कारणांचा किती?

कामला, यकृद्दाल्युदर, जलोदर यांचे रुग्ण आपल्या चिकित्सालयांत पूर्वीपासून येतच आहेत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यांच्या हातातील कागद मात्र बदलले. जलोदराचा रुग्ण आता सोनोग्राफी व एंडोस्कोपीच्या अहवालांबरोबर एखाद्या प्रत्यारोपण केंद्राचे नोंदणीपत्रही पुढे ठेवतो, आणि प्रश्नपरीक्षा पूर्ण होण्याआधीच त्याचे नातेवाईक आपल्यालाच प्रश्न विचारतात. पहिला प्रश्न असा : "डॉक्टर, केंद्रातून फोन आला आणि दाता सत्तरीचा निघाला तर यकृत घ्यावे का?" दुसरा प्रश्न बहुधा वडील विचारतात, तेही मुलगा बाहेर गेल्यावर : "माझे वय बासष्ट. पोराला मी माझ्या यकृताचा तुकडा दिला तर चालेल ना?"

वरवर पाहता दोन्ही प्रश्न एकच भासतात, कारण दोहोंत दाता वृद्ध आहे. त्यांची उत्तरे मात्र भिन्न आहेत. ती भिन्न का, हे ध्यानी न घेता दिलेला सल्ला, मग तो "घ्या" असा असो वा "मुळीच घेऊ नका" असा असो, रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. शस्त्रकर्माचा निर्णय अर्थातच प्रत्यारोपण शल्यविदांचा. तथापि कुटुंबाचा विश्वास अनेकदा आपल्या शब्दावर असतो, आणि म्हणूनच या विषयाची नेमकी माहिती वैद्याजवळ असणे अगत्याचे आहे.

तरुण दात्याकडून वृद्ध दात्याकडे

मानवातील यकृत प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे केला. तो बालरुग्ण शस्त्रकर्माच्या मेजावरच दगावला. वर्षाहून अधिक काळ जगणारा रुग्ण पाहण्यास १९६७ साल उजाडावे लागले. पुढे सायक्लोस्पोरिन व त्यानंतर टॅक्रोलिमस ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आली आणि प्रयोगाचे रूपांतर उपचारात झाले. भारतात मेंदूमृत्यूस वैधता देणारा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा असून यशस्वी यकृत प्रत्यारोपणे १९९८ पासून होऊ लागली.

आरंभीच्या काळातील दाता म्हणजे प्रायः अपघातात डोक्यास मार लागलेला धट्टाकट्टा तरुण. युरोपात रस्ते सुरक्षित झाले, तरुणांचे अपघाती मृत्यू घटले आणि दात्यांमध्ये मेंदूतील रक्तस्रावाने गेलेल्या वयस्करांचे प्रमाण वाढले. स्पेनमध्ये आज मृत दात्यांपैकी निम्म्याहून अधिक साठीपुढचे असतात. इटलीतील पिसा व बोलोन्या येथील केंद्रांनी तर ऐंशीपुढच्या दात्यांची यकृते नेमाने वापरून आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आहेत. ही काही हौस नव्हे. प्रतीक्षायादीवर माणसे मरत होती आणि मिळेल ते यकृत पारखून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते.

यकृत म्हातारे कसे होते?

चरक व सुश्रुत दोघांनीही यकृत व प्लीहा यांना रक्तवह स्रोतसाचे मूल मानले. वयाच्या विभागणीत मात्र त्यांच्यात अंतर आहे. चरकांच्या मते साठीनंतर जीर्णावस्था सुरू होते, तर सुश्रुत मध्यमवयाची मर्यादा सत्तरीपर्यंत नेतात. गंमत अशी की, "वृद्ध दाता" कोणास म्हणावे याविषयी आधुनिक प्रत्यारोपण साहित्यातही साठ आणि सत्तर हेच दोन आकडे पुन्हा पुन्हा भेटतात. यावरून कोणताही मोठा सिद्धांत काढण्याचे कारण नाही. उपयोगाचा आहे तो सुश्रुतांचा दुसरा भेद. जरा ही कालकृत आणि अकालकृत अशी दोन प्रकारची असते. शरीराचे नीट रक्षण करूनही यथाकाल येते ती पहिली, रक्षण न केल्यामुळे अवेळी येते ती दुसरी. दात्याच्या यकृताविषयीचा सारा विचार या भेदाभोवती फिरतो असे म्हटले तरी चालेल.

कालकृत जरेत यकृताचे आकारमान २० ते ४० टक्क्यांनी आणि त्यातील रक्तप्रवाह ३५ ते ५० टक्क्यांनी घटतो असे अनेक निरीक्षणांत आढळले आहे. रंग तपकिरी होतो, कारण पेशींत लायपोफ्युसिन नामक रंजकद्रव्य साचते. यकृतातील सूक्ष्म रक्तमार्गांच्या भिंती जाड होतात व त्यांची छिद्रे कमी होतात. असे असूनही निरोगी ऐंशी वर्षांच्या माणसाच्या रक्ततपासणीत बिलिरुबिन व यकृतकिण्वे बहुधा प्राकृतच मिळतात. वृक्काची गोष्ट अशी नाही. ते वयाबरोबर स्पष्ट थकते. यकृताजवळ राखीव सामर्थ्य पुष्कळ असते, प्रतिहारिणी सिरा आणि यकृत-धमनी असा दुहेरी रक्तपुरवठा असतो, आणि झिजलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी घडवण्याची शक्ती असते. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील संशोधकांनी किरणोत्सर्गी कार्बनच्या आधारे २०२२ मध्ये असे दाखवले की, माणूस विशीतला असो वा ऐंशीतला, त्याच्या यकृतपेशींचे सरासरी वय तीन वर्षांच्या आसपासच असते.

त्याच वर्षी अमेरिकेतील शल्यविदांच्या परिषदेत आणखी एक अभ्यास मांडला गेला. १९९० ते २०२२ या काळात त्या देशात प्रत्यारोपित झालेल्या अडीच लाखांहून अधिक यकृतांतून २५ यकृते अशी निघाली की, दात्याच्या देहातील आणि ग्राहकाच्या देहातील वर्षे मिळून त्यांचे वय शंभर वा अधिक भरले. त्यांच्या दात्यांचे सरासरी वय ८४.७ वर्षे होते. इतर दात्यांचे ३८.५. विशेष असे की, या वृद्ध दात्यांमध्ये मधुमेह कमी आढळला आणि त्यांची यकृतकिण्वेही कमी होती. अर्थात अडीच लाखांत पंचवीस हे प्रमाण पाहता हे उदाहरण दाखवून कुणास आश्वस्त करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. निवडून, पारखून घेतलेल्या यकृतांची ही कथा आहे.

वय नडते कोठे?

यकृतपेशींना प्रतिहारिणी सिरेचा आधार असतो. यकृतात येणाऱ्या रक्ताचा सुमारे तीन चतुर्थांश भाग तीच आणते. पित्तनलिकांचे पोषण मात्र जवळजवळ केवळ धमनीवर अवलंबून आहे, आणि जरा शिरते ती धमनीतच. मेंदूतील रक्तस्रावाने गेलेल्या वृद्धाच्या धमन्या कठीण झालेल्या असण्याचा संभव मोठा. अशी धमनी ग्राहकाच्या धमनीशी जोडताना तिचा आतला थर सुटू शकतो, जोडाच्या जागी गुठळी होऊ शकते. गुठळी झाली की पित्तनलिका सुकतात, अरुंद होतात, त्यांत वारंवार जंतुसंसर्ग होतो. मग पेशी शाबूत असलेले यकृतही वाया जाते आणि रुग्णास पुन्हा प्रत्यारोपण लागते. वृद्ध यकृताचा हा धोका काही वेळा लगेच न दिसता काही महिन्यांनी कामला व ज्वर या रूपाने पुढे येतो. अशा रुग्णास "पित्तप्रकोप" समजून घरीच ठेवणे घातक होय.

दुसरी गोष्ट बर्फाची. यकृत काढल्यापासून ते ग्राहकात रक्त वाहू लागेपर्यंत ते थंड द्रावणात असते. तरुण यकृत हा काळ बारा तासांपर्यंतही सोसू शकते. वृद्ध यकृताच्या पेशींत रक्त पुन्हा खेळू लागताच होणारा दाह अधिक तीव्र असतो, म्हणून अनुभवी केंद्रे हा काळ आठ तासांच्या आत, शक्य तर त्याहूनही कमी ठेवतात. महाराष्ट्रात एका शहरातील दात्याचे यकृत दुसऱ्या शहरी नेण्यासाठी "ग्रीन कॉरिडॉर" करून रस्ता मोकळा ठेवला जातो, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. दाता जितका वयस्कर तितकी त्या मोकळ्या रस्त्याची किंमत अधिक.

धोका आकड्यांत किती, हे २००६ साली अमेरिकेत मांडल्या गेलेल्या "डोनर रिस्क इंडेक्स" वरून कळते. १९९८ ते २००२ मधील वीस हजारांवर प्रत्यारोपणांचा तो अभ्यास होता. चाळिशीच्या आतील दात्याच्या तुलनेत साठ ते एकोणसत्तर वर्षांच्या दात्याचे यकृत निकामी होण्याचा धोका १.५३ पट आणि सत्तरीपुढे १.६५ पट आढळला. हा आकडा सांगताना वैद्याने जपावे. दीडपट म्हणजे शंभरातील पन्नास दगावतात असे नव्हे. समजा तरुण दात्यांच्या शंभर यकृतांपैकी पंधरा अयशस्वी होत असतील, तर वृद्ध दात्यांच्या शंभरांपैकी बावीस-तेवीस होतील, एवढाच त्याचा अर्थ. आणि त्या गणितात यकृत न मिळाल्यामुळे मेलेल्यांची मोजदाद नाही.

वयाचा धोका एकटा येत नाही, तो इतर धोक्यांना गुणतो. २००९ मध्ये सुचवलेली "डी-मेल्ड" ही पद्धत नेमकी हाच गुणाकार करते. मेल्ड म्हणजे बिलिरुबिन, क्रिॲटिनिन व रक्त गोठण्याचा काळ यांवरून काढलेला रुग्णाच्या गंभीरतेचा अंक. त्यास दात्याच्या वयाने गुणावे. फल १६०० च्या पुढे गेले तर परिणाम वाईट असण्याची शक्यता लक्षणीय वाढते. सत्तर वर्षांचा दाता आणि १५ अंकाचा रुग्ण यांचा गुणाकार १०५० येतो. तोच दाता ३० अंकाच्या रुग्णास दिला तर २१००. यकृत तेच, शल्यविद तेच, पण भवितव्य निराळे.

या साऱ्या विषयातील खरा पेच येथेच आहे. ज्यास यकृताची तातडीने गरज आहे तो क्षीण असतो, आणि वृद्ध यकृत कामास लागेपर्यंतचे पहिले काही दिवस निभावून नेण्याचे बळ त्याच्यापाशी नसते. ज्याच्यापाशी ते बळ आहे तो, "मी आणखी थांबतो, तरुणाचे मिळेल," असे म्हणतो. यातून मधला मार्ग निघतो तो यकृतातील लहान अर्बुदाच्या रुग्णांत. त्यांचे यकृत अजून बऱ्यापैकी चाललेले असते, अंक कमी असतो, पण अर्बुद वाढत असल्यामुळे थांबणे परवडणारे नसते. अशा रुग्णास वयस्कर पण निरोगी दात्याचे यकृत देणे अनेक केंद्रांनी योग्य मानले आहे, आणि ते तर्काला धरून आहे.

हिपॅटायटिस सी च्या बाबतीत चित्र पालटले आहे. २००२ मध्ये स्पेनमधील वालेन्सिया येथील अभ्यासाने दाखवले होते की, हा विषाणू असलेल्या ग्राहकात वृद्ध यकृत लवकर तंतुमय होते व रुग्णाचे आयुर्मान घटते. पुढे कित्येक वर्षे अशा रुग्णास वृद्ध यकृत न देण्याकडे कल राहिला. २०१३ च्या अखेरीस सोफोस्बुव्हिर आले, पाठोपाठ त्याच्या जोडीची औषधे आली, भारतात ती स्वस्त दरात मिळू लागली आणि विषाणू निःशेष करणे शक्य झाले. जुन्या लेखांतील ती भीती आज तशीच सांगणे बरोबर नाही.

याउलट मेदाची भीती वाढली आहे. ज्या यकृताच्या ३० टक्क्यांहून अधिक पेशींत मोठे मेदबिंदू साचले आहेत ते प्रत्यारोपणानंतर अडखळते. ६० टक्क्यांपुढे ते बहुधा नाकारले जाते. आपल्या नगरांतील स्थौल्य व प्रमेह पाहता, येथील पंचेचाळीस वर्षांच्या बैठ्या माणसाचे यकृत हे इटलीतील एखाद्या काटक पंचाहत्तरीच्या शेतकऱ्याच्या यकृताहून अधिक "वृद्ध" असू शकेल. अकालकृत जरा ती हीच. शल्यविद उदर उघडल्यावर यकृताचा रंग पाहतो, कडा बोथट आहे का हे हाताने चाचपतो, शंका आली तर बायोप्सी घेतो, धमनीची भिंत तपासतो, आणि वृद्ध दात्यात लपलेला कर्करोग नाही ना याचा शोध घेतो, कारण वयाबरोबर तीही शक्यता वाढते. अलीकडे यकृत बर्फात न ठेवता यंत्राद्वारे त्यात उष्ण रक्त खेळवून ते पित्त स्रवते का, हे आधीच पाहता येते. २०१८ साली युरोपात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या पद्धतीने नाकारली जाणारी यकृते निम्म्याने कमी झाली. हे तंत्र महाग आहे आणि आपल्याकडे अद्याप मोजक्या ठिकाणी आहे.

स्पेनचा धडा येथे किती लागू?

परदेशातील यश वाचून उत्साहित होण्यापूर्वी एक भेद लक्षात घ्यावा. स्पेनमध्ये दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला पन्नासच्या आसपास मृत दाते मिळतात. भारतात एकही मिळत नाही. वृद्ध यकृत पहिल्या आठवड्यात चाललेच नाही, तर माद्रिदमधील रुग्णास दुसरे मिळण्याची वाजवी आशा असते. आपल्याकडेही अशा रुग्णास अतितातडीचा अग्रक्रम मिळतो, पण यादीत वर जाणे म्हणजे यकृत मिळणे नव्हे. म्हणजे तेच यकृत, त्याच वयाचे, येथे अधिक धोक्याचे ठरते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर नकाराचाही धोका येथे अधिक आहे, कारण पुढचा फोन केव्हा येईल याची शाश्वती नाही. म्हणून नोंदणी करतानाच कुटुंबाने केंद्रात बसून विचारून घ्यावे की, आमच्या रुग्णाचा अंक किती, तो किती महिने थांबू शकेल, वयस्कर दात्याच्या यकृतास आमची संमती असावी असे आपणास वाटते काय. मध्यरात्री फोन आल्यावर हा विचार नीट होत नाही.

आता बासष्टीच्या वडिलांचा प्रश्न. भारतातील बहुतांश यकृत प्रत्यारोपणे जिवंत दात्यांकडूनच होतात आणि केंद्रे साधारणतः १८ ते ५५ या वयाचा दाता स्वीकारतात. येथे वय दोघांना नडते. मृत दात्याचे यकृत अखंड मिळते, जिवंत दात्याचा केवळ एक खंड. तो ग्राहकात वाढावा लागतो आणि दात्याच्या उदरात उरलेला भागही वाढावा लागतो. वृद्ध यकृताची ही वाढण्याची शक्ती मंद असते. लहान, वृद्ध खंडात प्रतिहारिणी सिरेचा सारा ओघ शिरला की तो गुदमरतो. कामला व जलोदर हटत नाहीत. इकडे वडिलांचे यकृतही सावकाश भरते. उजवा खंड देणाऱ्या निरोगी दात्यातही मृत्यूचा धोका हजारी एक ते पाच एवढा सांगितला जातो, आणि साठीनंतर हृदय व फुप्फुसांचे विकार त्यात भर घालतात. काही परदेशी केंद्रांनी साठीपुढचे दाते निवडून स्वीकारले आहेत हे खरे, तथापि माझे मत असे की, घरात दुसरा पात्र दाता असताना वडिलांच्या मायेला वैद्याने "होय" म्हणू नये. "आपले रक्त तपासून केंद्रच सांगेल" असे म्हणून सुटका करून घेणेही बरे नव्हे. त्यांना स्पष्ट सांगावे की, नाकारले गेलात तर ते तुमच्या मायेचे न्यून नव्हे, मुलाच्याच हिताचे आहे.

प्रत्यारोपणानंतर रुग्ण पुन्हा आपल्याकडे येतो : अन्न पचत नाही, थकवा आहे, काही रसायन द्या. टॅक्रोलिमसची रक्तातील मात्रा अत्यंत अरुंद मर्यादेत राखावी लागते. पिप्पली व मरिच यांतील पिपरीन हे द्रव्य त्या औषधाचे विघटन करणाऱ्या किण्वास रोधते असे प्रयोगशाळेत दिसले आहे. म्हणजे त्रिकटूसारखे साधे चूर्णही निर्धोक मानता येत नाही. गुडूचीविषयी मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये सहा रुग्णांतील यकृतविकृतीची नोंद प्रसिद्ध केली; आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीत गफलत असावी अशी शंका घेतली. तो वाद कसाही मिटो, ज्या रुग्णाची प्रतिकारशक्ती हेतुतः दाबून ठेवली आहे त्यास ती वाढवणारे द्रव्य देणे तर्कविरुद्ध आहे, आणि वृद्ध दात्याच्या यकृताजवळ तर चूक पचवण्याइतके राखीव बळही थोडेच असते. पथ्य, निद्रा, लघु आहार, मेद न वाढू देणे यांत आपण पुष्कळ करू शकतो. औषध द्यायचे तर केंद्रास कळवून द्यावे.

या विषयाची चर्चा निघाली की ज्येष्ठ मंडळी आणखी एक प्रश्न विचारतात : "आमचे वय झाले, आता अवयवदानाचा अर्ज भरून काय उपयोग?" कायद्यात मृत दात्यास वयाची कमाल मर्यादा नाही. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेच्या माहितीत यकृतासाठी साधारण सत्तर वर्षांपर्यंतचे वय दिले आहे, त्वचा व नेत्रपटलासाठी शंभरापर्यंतचे. परंतु अंतिम निर्णय त्या वेळच्या प्रकृतीवरच होतो. मृत दात्याचे यकृत आपल्याकडे बहुधा रुग्णालयात, अतिदक्षता विभागात मेंदूमृत्यू घोषित झाल्यावरच घेतले जाते. घरी मृत्यू आल्यास नेत्र व त्वचा देता येतात, तेही सहा तासांच्या आत कळवल्यास. अर्ज भरला असला तरी त्या क्षणी संमती घरच्यांनाच द्यावी लागते, म्हणून आपली इच्छा त्यांना आधी सांगून ठेवणे आवश्यक आहे.